रंगाचा डबा नंतर उघडा, आधी रिव्हेट बघा

एप्रिल लागला, तळ्यांवरचा बर्फ फुटायला लागला की बोटींची पत्रं यायला लागतात. यंदा बहुतेक सगळी जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटींबद्दलच आहेत, म्हणून ह्या वेळचं सदर अख्खं त्यालाच देतेय. गेल्या नऊ वर्षांत मी आणि माझ्या नवऱ्याने मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजमध्ये अशा तीन बोटी दुरुस्त केल्या, तिन्ही आजही पाण्यात आहेत, आणि जे लिहितेय ते त्यातूनच शिकलेलं आहे.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही रॉचेस्टर, मिनेसोटाला राहतो. शेजारचे आजोबा घर विकून मुलाकडे राहायला गेले, जाताना त्यांनी त्यांची १४ फुटी ॲल्युमिनियमची मासे पकडायची बोट ट्रेलरसकट आम्हाला २०० डॉलरला दिली. दहाबारा वर्षं ती गॅरेजच्या मागे उघडीच पडलेली होती, आत पानं कुजून माती झालीय, मागची फळी बोटाने दाबली तर आत जाते. माझं आजोळ हर्णैचं, मामाच्या होडीत बसूनच लहानाचा मोठा झालो, आता माझ्या ११ वर्षांच्या मुलाला हे सुख द्यायचंय. मामाच्या होडीसारखा निळा आणि पांढरा रंग आणून ठेवलाय. सुरुवात कुठून करू? आणि गावाकडे हल्ली लाकडी होडीवर फायबर चढवतात, तसं ह्या बोटीवर चढवलं तर गळती कायमची बंद होईल का?

उत्तर: रंग आणलात ते छान केलंत, पण तो डबा निदान दोन महिने तरी कपाटातच राहू दे. रंग हे ह्या कामातलं अगदी शेवटचं काम आहे आणि सगळे जण तिथूनच सुरुवात करतात, मग जूनमध्ये चकचकीत बोट पाण्यात घालतात आणि अर्ध्या तासात पाय ओले.

आधी बोट पूर्ण रिकामी करा. पानांचा चिखल फावड्याने ओढू नका, जाड हातमोजे घालून हाताने काढा (गळ असतात आत, जपून), आणि हाताला काय काय लागतंय ते नीट बघा. शिशाची वजनं, लोखंडी स्क्रू, नाणी, तांब्याच्या वायरचे तुकडे, सगळं निघतं. आमच्या पहिल्या बोटीत मागच्या बाकाखाली एक सेंटचं जुनं नाणं चिकटलेलं होतं. उचललं तर खाली बरोब्बर नाण्याएवढा पांढरा गोल, नखाने खरवडला तर पिठासारखी भुकटी निघाली, आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून खालच्या ड्राइव्हवेवरचा उजेड दिसत होता. १९८२ च्या आधीची ती नाणी ९५ टक्के तांब्याची असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओल्यात राहिले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते नेहमी ॲल्युमिनियम. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण पुढची सगळी उत्तरं फिरून फिरून इथेच येणार आहेत: नुसत्या तळ्याच्या पाण्याने ॲल्युमिनियमची बोट पन्नास वर्षांत सुद्धा खराब होत नाही, तिच्या अंगाला आपण काय लावून ठेवलं त्याने होते.

बोट कधीची आहे ते बघायचं असेल तर मागच्या बाजूला, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात १२ अक्षरं-आकड्यांचा नंबर शोधा. १ नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींना तो असावाच लागतो, आणि अजिबातच नसेल, पुसलेलाही नसेल, तर बोट बहुतेक त्याआधीची. तुमच्याच राज्यात न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात लुंडच्या बोटी १९४८ पासून बनतायत, सेंट पीटरला अल्युमाक्राफ्टच्याही वर्षानुवर्षं बनल्या, त्यामुळे अशा बोटी तिथे गल्लोगल्ली आहेत आणि सुटे भाग मिळायला त्रास पडत नाही.

धुऊन झाली की गळती शोधायची. ह्यासाठी बोट पाण्यात न्यायची नाही, पाणी बोटीत आणायचं. कोरडा दिवस बघा, बोट ट्रेलरवरच असू दे, ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) घट्ट लावा आणि बागेच्या पाइपने आत पाणी सोडा. पण जपून हं, १४ फुटी बोटीत ३ इंच पाणी म्हणजे ६०० पाउंडांच्या आसपास वजन होतं, आणि छोटा ट्रेलर तेवढ्यासाठी बनवलेला नसतो, शिवाय बोटीचं बूड आतून बाहेर असा भार घ्यायला केलेलं नसतं. म्हणून ट्रेलरच्या आडव्या दांड्यांच्या मधे लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या आणि २-३ इंचांवर थांबा. आधी पुढची बाजू थोडी उचलून मागचा भाग तपासा, मग उलट. मग खाली आडवं पडून टॉर्च घेऊन प्रत्येक रिव्हेट बघायचा (रिव्हेट म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारी धातूची खीळ, बाहेर डोकं आणि आत ठोकून चपटी केलेली शेपटी). मार्कर ओल्या पत्र्यावर उठत नाही, मेणाचा खडू घ्या. जिथे थेंब लोंबतोय तिथे गोल, जिथे धार आहे तिथे फुली. मुलाला हे काम द्या, ११ वर्षांची मुलं ह्यात आपल्यापेक्षा भारी असतात, आमच्या मुलीने मला न दिसलेले १४ रिव्हेट शोधले होते.

इतके रिव्हेट सैल का होतात हे समजून घ्या कारण तुमच्या बोटीचं दुखणं तेच असणार. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. बोट दहाबारा हिवाळे सरळ उघडी पडली, आत पावसाचं पाणी साचलं, प्रत्येक थंडीत ते सांध्यांत आणि रिव्हेटच्या डोक्याखाली गोठलं, आणि दर वेळी केसभर जागा मोठी करत गेलं. हर्णैला पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात ना, तस्संच इथे थंडीआधी करायचं असतं, पुढचं टोक उंच, प्लग काढलेला, वर ताडपत्री. ह्या वर्षापासून ते कराच.

आता सैल रिव्हेट. बरेचसे नुसते परत ठोकून घट्ट होतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर एअर हॅमर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा हातोडा, धरायचा (टोकाला रिव्हेटच्या डोक्याच्या आकाराची खोलगट वाटी बसवून), दुसऱ्याने आतून शेपटीवर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. दोनतीन सेकंद, बस. जास्त ठोकलं तर ॲल्युमिनियम कडक होऊन तडकतं आणि मग तो रिव्हेट बदलायलाच लागतो. कानात बोळे घाला दोघांनीही. सैल असताना पत्रा खडखडतो आणि बसला की आवाज एकदम भरीव होतो, पाचसहा रिव्हेट झाले की हे कानाला कळायला लागतं.

जो ठोकूनही गळतो किंवा ज्याचं डोकं झिजलंय तो काढायचा. डोक्याच्या मधोमध ड्रिल करा, छिन्नीने डोकं उडवा, उरलेला दांडा मागे ठोकून बाहेर काढा, भोक मोठं होऊ देऊ नका. नवा भरीव ॲल्युमिनियमचा रिव्हेट, दोन्ही पत्र्यांतून बाहेर आलेली शेपटी व्यासाच्या दीडपट पाहिजे, म्हणजे ठोकल्यावर तिचं डोकं नीट बनतं. जिथे आत हातच पोचत नाही, समजा बाकाच्या डब्यामागे, तिथे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येतो तो पोकळ रिव्हेट) चालेल, पण बंद टोकाचाच घ्या, साध्या पॉप रिव्हेटच्या पोटातून पाणी सरळ आत येतं. प्रत्येकाच्या दांड्याला थ्रीएम ५२०० हे बोटींसाठीचं चिकट सीलंट लावून बसवा. सिलिकॉन कुठेही लावू नका, ते काही वर्षांत सुटतं आणि त्याचा तेलकट थर राहिला की वर रंगसुद्धा धरत नाही.

हे सगळं झाल्यावर आतून सांध्यांवर आणि रिव्हेटच्या ओळींवर ग्लूविटसारखं पातळ इपॉक्सी ब्रशने लावायचं, ते बारीक फटींत शिरतं आणि पत्र्याबरोबर थोडं लवचिक राहतं. पण ते सैल रिव्हेटवरचा उपाय नाही! हलणाऱ्या रिव्हेटवर लावलंत तर एका उन्हाळ्यात तडा जाईल. आणि थंडीत लावू नका, ५० फॅरनहाइटच्या खाली इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणजे तुमच्याकडे मे महिना उजाडेपर्यंत थांबा.

फायबरचं. मामांकडे होडीवर फायबर चढवतात ते ठीक आहे, रेझिन लाकडात मुरतं, पकड घेतं. ॲल्युमिनियममध्ये काही मुरत नाही, त्याच्या अंगावर क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि रेझिन त्या थराला चिकटतं, धातूला नाही. वर पत्रा उन्हात फायबरपेक्षा वेगळा प्रसरण पावतो, बोट लाटेवर वाकते, एकदा कडेला पापुद्रा सुटला की आत पाणी शिरून अडकतं आणि पत्रा आतल्या आत झिजायला लागतो, आपल्याला दिसत पण नाही. ट्रकच्या मागच्या हौद्याला मारतात तो जाड रबरी थरही बरेच जण बुडाला मारतात, मी तोही सांगणार नाही, खालचा रिव्हेट कधी गळायला लागला ते कळणारच नाही. लाकडी होडीत आणि हिच्यात अजून एक फरक, लाकूड पाण्यात फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात, म्हणून पहिल्या दिवशी थोडं पाणी आलं तरी गावात कोणी घाबरत नाही. ॲल्युमिनियम फुगत नाही. आज एक वाटी पाणी येत असेल तर पुढच्या महिन्यात दोन येईल.

मागची कुजलेली फळी म्हणजे ट्रान्समचं लाकूड, त्याच्यावर इंजिन लटकतं, ती बदलल्याशिवाय मोटर लावूच नका. जुनी शक्य तितकी अख्खी काढा, तीच नव्याचं माप. बहुतेक १४ फुटी बोटींत पाऊण इंची प्लायचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून दीड इंच जाडी केलेली असते, पण तुमची मोजून घ्या. दोन्ही तुकडे इपॉक्सीने चिकटवा, मग सगळीकडून तीन हात द्या, कडांना जास्त, लाकूड पाणी कडांतूनच पितं. बोल्टची भोकं मापापेक्षा मोठी पाडा, इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्यातून बरोबर मापाचं भोक पाडा, म्हणजे बोल्टच्या बाजूने पाणी आलं तरी त्याला लाकूड सापडत नाही. कुठलं प्लाय घ्यायचं ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: ताई, मी कलामाझूहून लिहितेय. तीन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या बोटीत नवीन फ्लोअर घातला, दुकानातल्या माणसाने सांगितलं की डेकसाठीचं ट्रीटेड प्लायवूड घ्या, कधी कुजणार नाही. वर कार्पेट पण लावलं. आता कडेने पांढरी पावडर दिसतेय. सासरे म्हणतात काही होत नाही, त्यांच्या मित्राच्या बोटीत असंच प्लाय वीस वर्षं टिकलं.

उत्तर: ह्याच वीकेंडला फ्लोअर काढा. पुढच्या नाही, ह्याच. मला तुम्हाला घाबरवायचं नाहीये, पण ही पांढरी पावडर म्हणजे तुमच्या बोटीचा पत्राच आहे, झिजून वर आलेला.

सासऱ्यांचं पण चूक नाही, त्यांच्या मित्राचं प्लाय जुनं असणार. २००३ च्या शेवटापर्यंत इथे घरगुती वापराच्या ट्रीटेड लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेलं रसायन असायचं. आर्सेनिकमुळे ते घरगुती वापरातून काढलं आणि नंतर जी रसायनं आली त्यांच्यात तांबं बरंच जास्त आणि क्रोमियम अजिबात नाही. लाकूड कुजत नाही हे खरं, कारण तांबं बुरशीला मारतं. पण तेच तांबं ओल्या लाकडातून ॲल्युमिनियमवर उतरतं. नाण्याचं सांगितलं ना वर, तुम्ही तसं नाणं ४ फूट बाय ६ फुटांचं करून बोटीत अंथरलंय, आणि वर कार्पेट घालून ते ओलं राहील ह्याची सोय केलीय. तुमची काहीच चूक नाही ह्यात, दुकानातल्या माणसाने डेकचा विचार करून सांगितलं, तो बोटीचा करायला हवा होता.

प्लाय काढल्यावर पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने घासून काढा. स्टीलचा वायर ब्रश नको, त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि तिथे नवे खड्डे सुरू होतात. मग भरपूर पाण्याने धुवा, वाळू द्या, आणि अंगठ्याने दाबत दाबत सगळा पत्रा तपासा. जिथे दबतो किंवा करकरतो तिथे आतून ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियमचं ठिगळ, खाली ५२००, कडेने रिव्हेट. वरवरचे खड्डे इपॉक्सीने भरले तरी पुरे.

नवीन फ्लोअरला साधं एक्स्टिरिअर प्लाय, ज्याचा गोंद वॉटरप्रूफ आहे पण लाकडात रसायन नाही. मरीन प्लाय मिळालं तर उत्तमच पण फ्लोअरसाठी तेवढे पैसे घालायलाच पाहिजेत असं नाही. सगळ्या बाजूंनी इपॉक्सी, खालच्या आधारांवर प्लॅस्टिक किंवा रबराची पट्टी, कडेला पाणी वाहून जायला बोटभर फट. स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि प्रत्येक स्क्रूवर सीलंट लावून बसवा. कार्पेट नका घालू. पायाला छान लागतं, मला पण आवडतं, पण जे आठवडाभर ओलं राहतं ते बोटीत नको.

प्रश्न: आमच्या बोटीच्या बाकांमध्ये जुना फोम आहे, काळा पडलाय. तो काढून टाकला तर तिथे मासेमारीचं सामान ठेवायला मस्त जागा होईल असं मित्र म्हणतोय. काढू का? — मॅडिसन, विस्कॉन्सिन

उत्तर: काढा, पण जागा रिकामी ठेवू नका. त्या फोमचं काम तुम्ही पाण्यात पडाल त्या दिवशी असतं. बोट पाण्याने भरली की ॲल्युमिनियम दगडासारखं तळाला जातं, ते जाऊ नये आणि धरायला काहीतरी वर राहावं म्हणून बाकांत फोम भरलेला असतो. २० फुटांखालच्या बहुतेक मोटर बोटींना कोस्ट गार्डच्या नियमाने अशी तरंगती राहायची सोय कारखान्यातच करावी लागते, आणि एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडच्या पाण्यात माणूस किती मिनिटं हातपाय हलवू शकतो ह्याचा विचार केला तर मित्राला तुम्हीच समजावून सांगाल.

जुना मात्र बदला. एक घनफूट चांगला फोम साधारण २ पाउंडांचा असतो आणि ६० पाउंड वजन तरंगवतो. पाणी प्यायलेला फोम उलटं करतो. आम्ही मधल्या बाकातला ठोकळा काढून बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवला, कोरडा असता तर ४ पाउंडांचा असता, भरला ३८. हातात धरून पिळला तर कोपरापर्यंत गार पाणी ओघळलं. अशा तीन बाकांचं ओझं घेऊन ती बोट वर्षानुवर्षं चालत होती आणि आधीच्या मालकाला वाटायचं इंजिन कमजोर झालंय!

नवीन घालताना घराच्या भिंतींना लावतात तो गुलाबी किंवा निळा एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिनचा बोर्ड आणा, कापून एकावर एक रचून बाक ठासून भरा. पांढरे मणी दिसतात तो थर्माकोल नको, त्यात मण्यांमधून पाणी शिरतं. जेवढा काढला त्यापेक्षा कमी भरू नका. दोन डब्यांतलं मिसळून ओततात तो फोम पण चालतो पण तो फुगताना बाकाचा पत्रा फुगवतो आणि खालून पाणी वाहायची वाट बुजवतो, म्हणून मी बोर्डच घालते. एकच काळजी, पॉलिस्टायरिन पेट्रोलमध्ये अक्षरशः विरघळतं, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीजवळचा बाक नीट बंद करा.

प्रश्न: गॅसच्या छोट्या टॉर्चने वितळवायच्या ॲल्युमिनियमच्या काड्या मिळतात, व्हिडिओत दोन मिनिटांत भोक बुजतं. रिव्हेटच्या भानगडीत न पडता तेच केलं तर?

उत्तर: नको. व्हिडिओत टेबलावरचा स्वच्छ, जाड तुकडा असतो. तुमच्या बोटीचा पत्रा पातळ, पन्नास वर्षं भिजलेला, आणि ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं पण त्याच्या अंगावरचं ऑक्साइड २००० च्या वर, त्यामुळे वरची साय तशीच राहते आणि खालचा धातू अचानक बसतो, नाण्याएवढ्या भोकाची बशी होते. शिवाय शेजारच्या रिव्हेटांना उष्णता लागून ते सैल होतात, आणि बाकात फोम असेल तर आगच. मोठा चिरा असेल तर टिग वेल्डिंग करणाऱ्या, बोटींचं काम येणाऱ्या माणसाकडेच न्या.

प्रश्न: आमचं सगळं झालं, फक्त रंग राहिला. काय लक्षात ठेवू? आणि पहिल्यांदा पाण्यात घालताना? — डुलुथ

उत्तर: जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क, मुलं लांब. उघडा झालेला पत्रा घासला की त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा रंगाखालचा पहिला हात) मारा, उद्यावर टाकलंत तर ऑक्साइड परत येतं आणि रंग दोन वर्षांत सोलून निघतो. बुडाला तांबं असलेला अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारतात तो) अजिबात नको, कारण आता तुम्हाला माहितीय, आणि जी बोट रोज ट्रेलरवर घरी येते तिला तो लागत पण नाही. आतून पांढरा मारू नका, उन्हात डोळे दिपतात, मॅट राखाडी मारा. किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर हे लिहिलेली छोटी पाटी असेल तिच्यावर रंग जाऊ देऊ नका, आधी टेप लावा.

ट्रेलरच्या टायरवर डीओटी असं लिहिलेलं असतं त्यातले शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. खाचा कितीही नव्या दिसू देत, टायर दहा वर्षांचा असला तर बदला. बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा. मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना ड्रेन प्लग काढलेलाच असावा लागतो, एका तळ्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून हा कायदा आहे आणि तो पाळा, त्या शिंपल्यांनी किती तळ्यांची वाट लावलीय. पण म्हणूनच पाण्यात उतरवताना प्लग लावायचा राहून जातो, आम्ही तो इंजिनाच्या किल्लीलाच दोरीने बांधून ठेवतो.

पहिल्या दिवशी मोटर लावू नका, वल्ही घ्या, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि काठापासून वीस फुटांवरच अर्धा तास नुसते बसा. पुढे, मागे, मधे जागा बदलत बसा, वजन सरकलं की दुसरे रिव्हेट पाण्याखाली जातात. खिशात तो मेणाचा खडू ठेवा आणि जिथे ओल दिसेल तिथे आतूनच गोल करा, घरी आल्यावर तेवढेच बघायचे.